कमळ म्हणविले गेलेले निवडुंग

नवी मुंबईतल्या रोपवाटिकांत हल्ली तळहातावर मावेल एवढ्या कुंडीत काटेरी, गोलसर झाडे विकायला असतात. विकणारा त्यांना ‘कॅक्टस’ म्हणतो, विकत घेणारा घरी जाऊन ‘निवडुंग आणला’ असे सांगतो. हे दोन शब्द एकाच वस्तूची दोन नावे आहेत असे आपण सारेच गृहीत धरतो. ते तसे नाहीत, आणि ते तसे का नाहीत हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही. ज्या भाषेत ‘निवडुंग’ ही रूक्षतेची, उपेक्षेची आणि चिवटपणाची प्रतिमा होऊन बसली आहे, त्या भाषेच्या अभ्यासकांना तो टाळता येणार नाही.

मराठीतला मूळचा निवडुंग हा कॅक्टस नव्हेच. संस्कृत वैद्यक ज्याला ‘स्नुही’ म्हणते तो काटेनिवडुंग, तीन धारांचा त्रिधारी निवडुंग, कुंपणाला लावतात तो शेर ही सारी युफोर्बिया या कुळातली झाडे. ती मोडली की पांढरा चीक येतो. आयुर्वेदातील क्षारसूत्र याच स्नुहीच्या चिकात भिजवून तयार करतात. कॅक्टसला असा पांढरा चीक सहसा नसतो, आणि त्याचे काटे एका लहान लोकरी उशीतून उगवतात. युफोर्बियात ही उशी आढळत नाही. कॅक्टस कुळाच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि एका ऱ्हिप्सॅलिसचा अपवाद वगळता त्या साऱ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. कोरड्या हवेने दोन वेगळ्या खंडांत दोन वेगळ्या कुळांना सारखेच रूप दिले, आणि आपल्या भाषेने रूप पाहून नाव दिले. म्हणूनच कोलंबसाच्या पूर्वीच्या कोणत्याही मजकुरात निवडुंग आला, तर डोळ्यांसमोर फड्याची गोल ताटे आणणे हा कालविपर्यास ठरतो.

यात मराठीलाच बोल लावण्याचे कारण नाही. ‘कॅक्टस’ हा शब्दही उसनाच आहे. थिओफ्रास्टसच्या ग्रंथात ‘काक्टोस’ हे सिसिलीतल्या एका काटेरी, आर्टिचोकच्या जातकुळीतल्या झाडाचे नाव होते. लिनियसने १७५३ साली ते अमेरिकेतल्या वनस्पतींना दिले आणि मूळ धनी विस्मृतीत गेला. अपरिचिताला परिचिताचे नाव देऊन घरात घेणे ही भाषांची जुनी रीत आहे. आपणही नागाच्या फड्यासारख्या दिसणाऱ्या ओपुन्शियाला ‘फड्या निवडुंग’ म्हटले आणि त्याला जुन्याच घराण्यात दत्तक घेतले.

हा दत्तक मुलगा मात्र राजकारण घेऊन आला होता. मेक्सिकोतल्या ओपुन्शियावर कोचिनील नावाचा किडा पोसला जातो आणि त्याच्यापासून गडद किरमिजी रंग मिळतो. त्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी १७८० च्या दशकात प्रयत्न आरंभिले. त्यासाठी मद्रासजवळ ओपुन्शियाची बागही लावण्यात आली. पुढे १७९५ साली कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलमधून किडे कलकत्त्याला आणले. पण ते हव्या त्या जातीचे नव्हते. त्यांच्यापासून उत्तम रंग मिळेना. उलट त्यांनी ओपुन्शियाच्या एका जातीचाच फडशा पाडला. रंगाचा धंदा बुडाला, आणि शत्रुकीटक सोडून तण मारता येते हा धडा मात्र हाती राहिला. १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तो किडा मुद्दाम दक्षिण भारतात नेण्यात आला. दुसऱ्या एका जातीचा ओपुन्शिया शेतजमिनी गिळू लागला तेव्हा १९२६ साली कोचिनीलचीच आणखी एक जात भारतात आणून सोडण्यात आली. जैविक तणनियंत्रणाच्या जागतिक इतिहासातली ही आरंभीची प्रकरणे आहेत.

हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या साहित्यातील फड्या निवडुंग थोडा वेगळा दिसू लागतो. माळरानावरचा फड्या हा आपण ‘या मातीचा’ म्हणून वाचतो. दुष्काळी देशाचे ते जणू स्वयंभू चिन्ह. वस्तुतः तो परदेशी पाहुणा, आणि त्याच्या प्रसारात साम्राज्याच्या हिशेबवहीचा हात आहे. प्रतिमा त्यामुळे खोटी ठरत नाही. उलट उपरेपण आणि चिवटपणा हे दोन्ही अर्थ तिच्यात एकत्र नांदतात, आणि समीक्षेने बहुधा दुसराच तेवढा पाहिला आहे.

फड्याला आपण निवडुंग म्हटले ते त्याचे काटे पाहून. ज्याला काटे दिसले नाहीत त्याला मात्र आपण देव्हाऱ्यापर्यंत नेले. महाराष्ट्रात घरोघरी पावसाळ्यात एका रात्रीपुरते फुलणारे, शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवावे असे पांढरेशुभ्र ‘ब्रह्मकमळ’ हेही कॅक्टसच आहे. त्याचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटालम. मूळ देश मेक्सिको आणि मध्य अमेरिका. ज्याला आपण त्याचे पान म्हणतो ते चपटे झालेले खोड असते. म्हणूनच ‘पानातून’ कळी येण्याचे नवल. खरे ब्रह्मकमळ हिमालयात तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर उगवते, ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. दोघांत नावापलीकडे नाते नाही. ज्या घरात ‘काटेरी झाड दाराशी नको’ म्हणून निवडुंगाला मज्जाव असतो, त्याच घरात या निवडुंगाला हळदकुंकू वाहिले जाते.

जानेवारी २०२१ मध्ये याच नाट्याचा पुढचा अंक घडला. गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री विजय रूपाणी यांनी ड्रॅगन फ्रूटचे ‘कमलम्’ असे नामकरण जाहीर केले. ड्रॅगन फ्रूट हेदेखील एका वेलीसारख्या कॅक्टसचे फळ, आणि सांगली-सोलापूरकडचे शेतकरी आता ते पिकवतात. फळाचा आकार कमळासारखा, हे कारण देण्यात आले. एकच कुळ, एकदा लोकांनी आणि एकदा सरकारने, कमळाच्या नावाने शुद्ध करून घेतले. पहिले नामकरण नकळत झाले, दुसरे जाणूनबुजून. पण दोन्हींत परक्याला आपले करताना त्याचे मूळ पुसले गेले.

आता पुन्हा नवी मुंबईकडे वळू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या भूमीवर हे शहर आखले गेले. भातखाचरे, मिठागरे, खाजणे आणि तिवरे यांचा हा प्रदेश. म्हणजे पाण्यात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या वनस्पतींचा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ॲरिझोनातल्या टक्सनला वर्षभरात सुमारे तीनशे मिलिमीटर. अशा जागी वाळवंटी कॅक्टस फुलवायचा, तर ‘त्याला काही लागत नाही’ हा आपला साहित्यिक समज प्रथम सोडावा लागतो. येथे तो तहानेने मरत नाही. पाण्याने कुजून मरतो.

म्हणून मातीची, तळाला भोक असलेली कुंडी हवी. निम्म्याहून अधिक जाडी वाळू, विटांचे तुकडे व बारीक खडी हवी. पावसाळाभर कुंडी छपराखाली, पण उजेडात आणि खेळत्या हवेत ठेवावी, आणि माती पूर्ण सुकल्यावाचून पाण्याला हात लावू नये. मॅमिलारिया, एकिनॉप्सिस यांसारख्या जातींना फुलण्यापूर्वी कोरडी, थंड विश्रांती लागते. कोकणपट्टीत थंडी नावापुरतीच. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी जवळजवळ तोडणे हाच तिचा पर्याय. ऊन वाढू लागले की पाणी हळूहळू वाढवावे. मग उन्हाळ्यात कळ्यांची आशा धरता येते. याच सज्जातल्या ब्रह्मकमळाला मात्र सावली, ओल आणि पालापाचोळ्याचे खत हवे, कारण ते वाळवंटातले नसून वृक्षांच्या फांद्यांवर वाढणारे, जंगलातले कॅक्टस आहे. दोघांना एकच नियम लावला तर त्यांपैकी एक निश्चित दगावते.

म्हणजे नावाचा घोळ येथे थेट कुंडीत उतरतो. ‘निवडुंग’ म्हणून उपेक्षा केली काय आणि ‘कमळ’ म्हणून पाणी ओतले काय, वाळवंटी कॅक्टसच्या वाट्याला मरणच येते. तो वाचतो तो आपण त्याचा मूळ देश विचारतो तेव्हाच. साहित्यातल्या प्रतिमेचेही याहून निराळे नसावे. नाव बदलावे असा आमचा आग्रह नाही; ‘ब्रह्मकमळ’ हे नाव आता मराठी घरांचे झाले आहे आणि ते राहावे. मात्र वर्गात निवडुंगावरची कविता शिकविताना शिक्षकाने मुलांना एकवार विचारावे: यातला निवडुंग कोणता, चिकाचा की फड्याचा? उत्तर शोधताना ती मुले सिसिली, मेक्सिको, मद्रास आणि आपल्या गावचे कुंपण एवढा प्रवास करतील. एका शब्दाच्या वाचनाने इतके दिले तर ते कमी नाही.