हुशार मुलाला शाळेत कंटाळा येतो तेव्हा

वर्गातले गणित दहा मिनिटांत सोडवून मूल उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसते. घरी विचारले तर “काही नाही, तेच चाललंय” एवढेच सांगते. प्रगतिपुस्तकावर गुण चांगले असल्यामुळे आपणही फारशी चौकशी करत नाही. सातवी ते दहावीच्या काळात बऱ्याच घरांत हे दिसते. अशा मुलाला अडून बसण्याची, न सुटणाऱ्या गोष्टीशी झगडण्याची सवयच लागत नाही, हा यातला खरा धोका आहे. मग इंटरमीडिएटला पहिल्यांदा खरोखर अवघड काही समोर आले की “मला जमत नाही” असे म्हणून ते हात टेकते. तोपर्यंत सगळे त्याला हुशार म्हणत आलेले असतात, त्यामुळे ते बोलून दाखवणेही त्याला कठीण जाते.

आधी एक खात्री करून घ्यावी. प्रत्येक कंटाळ्यामागे हुशारीच असते असे नाही. फळ्यावरचे नीट दिसत नसेल, वर्गात कोणी त्रास देत असेल, झोप पुरत नसेल, तरी मूल “बोअर होतं” एवढेच म्हणते. महाराष्ट्रातून नुकत्याच बदलून आलेल्या कुटुंबांत आणखी एक प्रकार दिसतो. गणितात मूल वर्गाच्या पुढे असते आणि तेलुगूत बरेच मागे. २०१८ च्या कायद्यानुसार तेलंगणातील शाळांत पहिली ते दहावी तेलुगू शिकणे आवश्यक आहे. पालक याकडे अडचण म्हणून पाहतात. पण ज्याला बाकी सगळे सहज येते, त्याला मेहनत घेऊन शिकावी लागणारी ही एकच गोष्ट असू शकते. ती टाळण्याच्या वाटा शोधू नयेत.

नल्लकुंट्यात राहणाऱ्यांना यावरचा एक उपाय कोणीही सुचवतो : क्लास लावा. त्याला कारणही आहे. गणिताचे शिक्षक चुक्का रामय्या यांनी १९८० च्या दशकात इथेच आयआयटीच्या तयारीचे वर्ग सुरू केले आणि नल्लकुंट्याचे नाव देशभर झाले. त्यांच्या वर्गात प्रवेश मिळवायला परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेची तयारी करून घेणारे वेगळे क्लास निघाले! रामय्या सरांचे विद्यार्थी इंटरमीडिएटच्या वयाचे असत. आता मात्र ‘फाउंडेशन’ सहावीपासून सुरू होते.

या फाउंडेशनबद्दल स्पष्ट लिहायला हवे. बहुतेक ठिकाणी तिथे पुढच्या इयत्तांचाच अभ्यासक्रम लवकर उरकला जातो. आठवीत वर्गसमीकरणे शिकलेले मूल दहावीत तोच धडा शाळेत पुन्हा ऐकते. म्हणजे कंटाळ्यावर म्हणून केलेल्या उपायाने कंटाळा वाढतो. वेग वाढला तरी खोली वाढत नाही. क्लास निवडताना एकच विचारावे : इथे मुलाला एकाच प्रश्नावर तासभर अडून बसू देतात का?

खोली म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगता येईल. पाठ्यपुस्तक विचारते, ३६ चे विभाजक लिहा. त्याऐवजी असे विचारा : १ ते १०० पैकी कोणत्या संख्यांच्या विभाजकांची संख्या विषम असते, आणि का? यासाठी नवा धडा लागत नाही, पण अर्धा तास सहज जातो. उत्तर इथे मुद्दाम देत नाही.

डॉ. जयंत नारळीकरांच्या घरी हेच झाले होते. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, म्हणजे आपल्यासारखेच परप्रांतात स्थिरावलेले घर. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार एम.एस्सी.साठी त्यांच्याकडे राहायला होते. घरातल्या फळ्यावर मामा खास भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे कोडे लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत तसेच राहत असे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात ही आठवण आहे. अभ्यासक्रमाबाहेरचे असे गणित, घाई नाही आणि गुण नाहीत, बोलायला मात्र घरातलेच माणूस. फळा लावायला खर्चही फार येत नाही.

गणिताची खरी आवड असेल तर आयओक्यूएम ही परीक्षा पाहावी. भारतीय गणित ऑलिम्पियाडची ही पहिली पायरी आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे : ३ तास, ३० प्रश्न, १०० गुण. पुढे प्रादेशिक आणि राष्ट्रीय फेरी, आणि त्यानंतर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे शिबिर. शाळेत फी भरून होणाऱ्या अनेक ‘ऑलिम्पियाड’ परीक्षांशी हिचा संबंध नाही. निवड होणे दुर्मीळच, पण जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्यातच खरा फायदा आहे. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी विज्ञानाची अशी पहिली परीक्षा एनएसईजेएस. आजी-आजोबा अजून ‘एनटीएस’ची चौकशी करतात, पण ती परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली.

वाचणाऱ्या मुलाला चिक्कडपल्लीचे सिटी सेंट्रल लायब्ररी जवळ आहे. तिथे त्याला एकट्याने हिंडू द्यावे, पुस्तक आपण निवडून देऊ नये. नौबत पहाडावरचे बिर्ला तारांगण बहुतेकांनी एकदा पाहिलेले असते. दुसऱ्यांदा जाताना मुलाने आधी पाच प्रश्न लिहून न्यावेत.

शाळेशी बोलताना “आमच्या मुलाला तुमच्या वर्गात कंटाळा येतो” अशी सुरुवात केली तर बोलणे तिथेच संपते. पालकसभेच्या रांगेत नको, विषयशिक्षकांची वेगळी वेळ घ्यावी आणि नेमके काहीतरी मागावे. उदाहरणार्थ, धडा येतो हे मुलाने दाखवले तर त्या तासाला त्याला आव्हानात्मक गणिते सोडवू द्याल का? बहुतेक शिक्षक एवढे मान्य करतात. मुलासमोर शाळेला नावे ठेवू नयेत, नाहीतर तेही शिक्षकांना तुच्छ लेखू लागते. एखादी इयत्ता गाळून वरच्या वर्गात बसवण्याचा विचार मात्र शक्यतो करू नये. तेराव्या-चौदाव्या वर्षी मित्र बरोबरीचे असणे गणिताइतकेच महत्त्वाचे असते.

घरात गणित कोणालाच येत नसेल तरी अडत नाही. मुलाला सांगा, “मला समजावून सांग.” समजावताना कुठे अडते ते त्याचे त्यालाच कळते. शिवाय आपल्या सभासदांत निवृत्त अभियंते आणि प्राध्यापक आहेत. रविवारी सकाळी तासभर एखाद्या मुलाबरोबर बसायला कोण तयार आहे, हे पुढच्या मासिक सभेत विचारता येईल. मुलींच्या पालकांनीही त्यासाठी नाव द्यावे. मुलगी वर्गात गप्प बसून वही नीट पूर्ण करते, म्हणून तिचा कंटाळा कोणाच्या लक्षात येत नाही.