बंगळूरची चोळीबांगडी

भाऊबंदकी हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सामायिक भिंत, बांधावरचे झाड, एखादा दडवलेला कागद, एवढ्यावरून रक्ताची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची पायरी चढत नाहीत. प्रत्यक्ष शिवछत्रपतींचे घरही या दुखण्यातून सुटले नव्हते. ते कसे निभावले गेले, याच्याशी बंगळूर शहराचे नाव जोडलेले आहे.

१६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजेने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि तेथील कारभार शहाजीराजांकडे आला. शिवाजीराजे जिजाबाईंच्या छायेत पुणे प्रांती वाढले. तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजे कर्नाटकात. एकाने विजापूरशी वैर मांडले, दुसऱ्याने विजापूरची चाकरी केली. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले. कर्नाटकातील दौलत व्यंकोजीराजांकडे राहिली. वाटणी झाली नाही. पुढे त्यांनी तंजावर जिंकले, ते मात्र स्वतःच्या पराक्रमावर. वडिलार्जित किती आणि स्वकष्टार्जित किती, हा सर्व घरांना छळणारा प्रश्न अशा रीतीने तेरा वर्षे अनुत्तरित राहिला.

१६७७ मध्ये शिवाजीराजे दक्षिणेत उतरले. कोळ्ळिडम्‌ नदीकाठी तिरुमलवाडीस भावांची भेट झाली. थोरल्याने अर्धा वाटा मागितला. धाकट्याने उत्तर दिले नाही. एका रात्री नदी ओलांडून तो तंजावरास निघून गेला. संशयाने पछाडलेल्या माणसाला मागणीतही सापळा दिसतो. तरीही शिवाजीराजांनी तंजावरवर चाल केली नाही. ते माघारी वळल्यावर नोव्हेंबरात व्यंकोजीराजांनीच दुसरे भाऊ संताजी यांच्यावर हल्ला केला. प्रथम त्यांची सरशी झाली. पण नंतरच्या छाप्यात त्यांचा पराभव झाला.

येथे जेत्याला सर्वस्व हिरावून घेता आले असते. झाला तो तह. दोन्ही घरे जाणणारे रघुनाथपंत हणमंते मध्यस्थ होते. व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाईंनीही पतीला समेटाचाच सल्ला दिला, असे बखरकार सांगतात. तंजावर धाकट्याकडे राहिले. बंगळूर, होसकोट व शिराळकोट हे प्रांत दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी देण्यात आले. या शब्दातच सारे शहाणपण आहे. भावाला दिले असते तर ती भीक वाटली असती, ठेवून घेतले असते तर लूट. भावजयीच्या ओटीत घातल्याने घेणाऱ्याचा मान राहिला आणि देणाऱ्याचा हक्कही.

तहाने मन मात्र लगेच भरून येत नाही. व्यंकोजीराजे खिन्न झाले, कारभारातून त्यांचे लक्ष उडाले. ते कळताच शिवाजीराजांनी पत्र धाडून त्यांना वैराग्य सोडून कर्तव्याला लागण्यास सांगितले. ३ एप्रिल १६८० रोजी ते स्वतःच निवर्तले.

बंगळूर फार दिवस टिकले नाही. १६८७ मध्ये ते मोगलांनी घेतले व लगेच म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. तंजावर मात्र टिकले. दीपाबाईंचे तिन्ही पुत्र तेथील गादीवर बसले आणि ते घराणे १८५५ पर्यंत नांदले. या भावांत प्रेम किती होते, हे कागदांवरून ठरवता येत नाही. प्रेम आटले असतानाही हक्क स्पष्ट बोलावा, मध्ये विश्वासाचे माणूस घालावे आणि हरलेल्याला मान वर करून घरी जाता येईल एवढी वाट ठेवावी, हे त्यांच्या तहावरून दिसते. मोडू पाहणारी अनेक घरे एवढ्यावरही सावरतात.