घास गिळण्याआधी कुठे असतो?

१/ चावून होईपर्यंत अन्न तोंडात राहते आणि गिळताच घशात उतरते, ही सर्वसाधारण समजूत. शरीरक्रियाशास्त्रातही ती दीर्घकाळ जवळपास तशीच टिकून होती. ती ढळली विसाव्या शतकाच्या अखेरीस.

२/ फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी याने १८१६-१७च्या आपल्या ग्रंथात गिळण्याचे तीन टप्पे मांडले : तोंड, घसा आणि अन्ननलिका. ही विभागणी पुढे पाठ्यपुस्तकांत रुजली. परंतु जिवंत देहात घास सरकताना पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

३/ ते साधन १८९५मध्ये राँटगेनच्या क्ष-किरणांनी दिले. पुढच्याच वर्षी हार्वर्डचा वैद्यकीय विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने हंसिणीच्या लांब मानेतून उतरणारे अन्न पडद्यावर पाहिले. अन्न ठळक दिसावे म्हणून त्यात बिस्मथचे क्षार मिसळण्याची युक्ती त्याने रूढ केली. पुढे बिस्मथची जागा बेरियमने घेतली.

४/ माणसांच्या तपासणीची रीत मात्र ठरावीक होती : बेरियमचा घोट तोंडात धरायचा आणि सांगताच गिळायचा. घोट धरून ठेवताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो व घशाची वाट बंद होते. त्यामुळे ‘तोंड’ आणि ‘घसा’ हे टप्पे स्वच्छ वेगळे दिसत. घोटाचे हे चित्र घासालाही लागू धरले गेले.

५/ इकडे मांजरांसारख्या प्राण्यांच्या क्ष-किरण चित्रफितींत चावणे चालू असतानाच अन्न घशाकडे सरकताना दिसले होते. १९९०च्या दशकात जेफ्री पामर, कॅरेन हीमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना नेहमीसारखे खाऊ देऊन चित्रण केले. १९९९च्या अभ्यासात केळे आणि कडक बिस्किटही होते.

६/ माणसांतही तेच दिसले. जीभ प्रथम घास दाढांकडे नेते. त्यातला पुरेसा बारीक झालेला भाग टाळूवर दाबत ती मागे ढकलते. तो भाग जिभेच्या मुळामागच्या खोलगट जागेत साठतो, कधी काही सेकंद. उरलेले चावणे चालूच राहते.

७/ या खोलगट जागेपलीकडेच श्वासनलिकेचे दार आहे आणि गिळण्याच्या क्षणापर्यंत ते उघडे असते. निरोगी माणसाला याचे भानही नसते. पक्षाघातानंतर गिळणे मंदावलेल्या रुग्णाला मात्र येथेच ठसका लागू शकतो, अन्न फुफ्फुसात जाऊ शकते.

८/ घन आणि पातळ एकत्र असले, की पातळ भाग गिळण्याआधीच आणखी खाली ओघळतो, हे पुढील अभ्यासांत दिसले. म्हणूनच आज्ञेवर गिळलेला एक घोट नीट उतरला, एवढ्यावरून असा रुग्ण आमटीभात सुखरूप खाईल असे ठरत नाही; त्याला चावून खातानाही पाहावे लागते.