तांब्याच्या पोटचा रंग

‘शाई’ या शब्दाचा मूळ अर्थ आहे काळेपणा. फारसीत ‘सियाह’ म्हणजे काळा आणि ‘सियाही’ म्हणजे काळेपणा. ही सियाही मराठीत येता येता शाई झाली. तिच्याबरोबर कागद आला, कलम आली, दौतही आली. आता गंमत पाहा, आपण ‘निळी शाई’ म्हणतो तेव्हा शब्दशः ‘निळा काळेपणा’ म्हणत असतो. माझ्या पेनातली शाई तर पिरोजी. निळ्या आणि हिरव्याच्या मधला, पाचूपेक्षा निळा आणि आभाळापेक्षा हिरवा असा तो रंग आहे. कुणी त्याला फिरोजी म्हणतं, तर साडीच्या दुकानात मोरपंखीच्या जवळपास कुठेतरी तो सापडतो.

कविसंमेलन संपल्यावर वहीत सही करायला पेन काढलं, की कुणीतरी विचारतंच, ‘‘ही कुठली हो शाई?’’ प्रश्न साधा आहे. या रंगाच्या अनेक कंपन्यांच्या बाटल्या बाजारात मिळतात. त्यातली आपली कुठली, एवढंच ठरवायचं. पण ते ठरवताना मला थोडा इतिहास चाळावा लागला आणि थोडं रसायनशास्त्रही. मी बी. ए. झालेला माणूस. रसायनशास्त्र मला झेपलं तेवढंच सांगतो.

आपली जुनी शाई काजळाची. दिव्याची काजळी धरायची, डिंकाच्या पाण्यात खलायची, की झाली शाई. काजळी म्हणजे निव्वळ कोळसा, त्यामुळे ती उन्हानं विटत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरातली मोडी अक्षरं आजही काळीभोर दिसतात, ती त्यामुळेच. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर कसं असावं, बोरू कुठकुठले आणावेत, हे सारं त्यात आहे. शाईबरोबर हिंगूळ संग्रही ठेवायलाही ते सांगतात. हिंगूळ म्हणजे लाल. पोथ्या पाहिल्यात तर हेच दोन रंग दिसतील. मजकूर काळा आणि खुणा, दंड, समाप्तीच्या ओळी लाल.

मग पिरोजी रंग त्यांना ठाऊक नव्हता का? चांगलाच ठाऊक होता. हा रंग मुळात तांब्याच्या पोटचा. पिरोजा हा खडा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम यांचा फॉस्फेट क्षार, आणि त्यातला निळेपणा तांब्याचा. पण खड्याची पूड पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. तिची शाई होत नाही. तांब्यापासून मिळणारा दुसरा रंग म्हणजे जंगाल. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. त्याच आंबट करणीनं तांब्याच्या पत्र्यावर जो हिरवा-निळा थर धरतो, तो खरवडून जंगाल मिळायचं. इराणी आणि मोगल चित्रकारांनी ते भरपूर वापरलं. पण जंगाल कागद खातं. जुन्या चित्रांमध्ये जिथे जिथे ते लागलं, तिथे तिथे कागद तपकिरी पडून तुटलेला दिसतो. म्हणजे ज्या तांब्यानं रंग द्यायचा, त्यानंच कागद जाळायचा. ही अडचण शेकडो वर्षं तशीच राहिली.

मधल्या काळात फाउंटन पेन आलं. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमननं त्याचं पेटंट घेतलं. तोवर युरोपातल्या कचेऱ्यांची शाई होती मायफळ आणि हिराकस यांची. मायफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं, की लिहिताना फिकी असलेली ओळ हवा लागून काळी होते आणि कागदाच्या धाग्यात घट्ट बसते. लिहिताना अक्षर दिसावं म्हणून तिच्यात निळा रंग मिसळायचे. ‘ब्लू-ब्लॅक’ हे नाव तिथून आलं. जन्म, लग्न, मृत्यू आणि खरेदीखत यांसाठी ही शाई उत्तम. पेनाला मात्र ती त्रास द्यायची, गाळ धरायची, पोलादी निब खायची. म्हणून पुढे पेनासाठी रासायनिक रंगांच्या शाया आल्या.

आपल्याकडे १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत गिरगावात शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. त्यांची खूण होती घोडा. पुढे ‘कॅमल’ शाई आली, आणि तेच आपलं कॅम्लिन. बंगालात १९३४ मध्ये ‘सुलेखा’ सुरू झाली. स्वदेशीच्या त्या दिवसांत परदेशी शाईनं स्वराज्याचे लेख लिहायचे कसे, हा प्रश्न लोकांना खरोखर टोचत होता.

माझ्या पिढीनं हायस्कुलात शाईचं पेन हातात घेतलं तेव्हा प्रत्येक रंगाला एक खुर्ची मिळालेली होती. निळा विद्यार्थ्यांचा आणि लाल गुरुजींचा. ब्लू-ब्लॅक कचेरीचा, तर हिरवा राजपत्रित अधिकाऱ्यांचा. दाखल्याच्या नकलेवर हिरवी सही मिळवायला तळपत्या उन्हात किती वेळ उभं राहावं लागायचं, ते ज्यांनी भोगलं त्यांना आठवत असेल. पिरोजीला कुठलीच खुर्ची नव्हती. उत्तरपत्रिकेत तो चालत नसे, अर्जावर चालत नसे. चालायचा तो फक्त खासगी पत्रात.

एक छोटी गोष्ट सांगतो. एका दुकानात मी शाई मागितली. बिल करताना दुकानदारानं माझं नाव विचारलं आणि ते ऐकल्यावर मोठ्या आपुलकीनं हिरव्या शाईची बाटली पुढे ठेवली. म्हणाला, ‘‘साहेब, तुम्हाला ही आवडेल.’’ त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट पाहुणचारच होता. पण आपल्याकडे रंगांची कशी वाटणी झाली आहे, हे त्या बाटलीनं मला दाखवलं. भगवा एकाचा, हिरवा दुसऱ्याचा, निळा तिसऱ्याचा. वाटणीच्या कागदावर पिरोजीचं नाव राहूनच गेलेलं दिसतं. मी बाटली परत करून हसत म्हणालो, ‘‘यात थोडं आभाळ मिसळलेली असेल तर द्या.’’

या रंगाचा इतिहासच तसा वाटसरूचा आहे. नामांकित पिरोजा इराणातल्या निशापूरजवळच्या खाणींचा. तो तुर्कस्तानातून युरोपच्या बाजारात पोचला, म्हणून फ्रेंचांनी त्याला ‘तुर्की खडा’ म्हटलं. इंग्रजीतला ‘टर्क्वाइज’ तो हाच. खडा इराणचा आणि नाव वाटेतल्या देशाचं! इराण्यांचं स्वतःचं नाव ‘पिरोजा’, आणि ते ‘विजयी’ या अर्थाच्या शब्दाशी जोडलेलं. अरबीत ‘प’ नाही, म्हणून त्याचा ‘फिरोजा’ झाला. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तो त्यामुळे. मराठीनं आणि आपल्या पारशी बांधवांनी जुना ‘प’ जपून ठेवला. कितीतरी पारशी आज्ज्यांचं नाव पिरोजा असायचं.

या रंगावर मालकी सांगण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या दख्खनमध्येच झाला. गुलबर्ग्याच्या बहमनी सुलतानांचं सिंहासन ‘तख्त-ए-फिरोजा’ म्हणून प्रसिद्ध होतं. तेलंगणच्या राजाकडून ते दुसरा बहमनी सुलतान महंमदशहा याच्याकडे आलं. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की त्यावरच्या आकाशी मिनाकारीमुळे त्याला हे नाव पडलं. पण गादीवर येणारा प्रत्येक सुलतान त्यावर आपली रत्नं जडवत गेला. होता होता मूळचा रंग रत्नांखाली पार झाकून गेला. शेवटी राज्य खिळखिळं झालं तेव्हा सुलतान महमूदच्या काळात ते मोडून त्यातली रत्नं काढून घेतली. नावात पिरोजा राहिला आणि डोळ्यांना तो कधीचाच दिसेनासा झाला होता. याच घराण्याचा वजीर महमूद गवान मूळचा इराणातल्या गिलानचा. त्यानं १४७२ मध्ये बिदरला मदरसा बांधला. त्याच्या भिंतींवर उरलेल्या रंगीत फरश्या मात्र आजही उन्हात चमकतात, आणि त्या पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता पुन्हा तांब्याकडे येऊ. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंग कारखान्यात एका पांढऱ्या रसायनाचं उत्पादन चालू होतं. भांड्याच्या आतल्या काचेच्या अस्तराला तडा गेला आणि आतलं रसायन उघड्या लोखंडाला लागलं. पांढऱ्या मालात निळे-हिरवे कण दिसू लागले. असा माल खराब म्हणून फेकून देणंच व्यवहाराचं. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी ते कण जपून ठेवले. आदल्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबोर्गच्या दोन संशोधकांना असाच एक निळा पदार्थ हाती लागला होता, आणि त्यात तांबं होतं. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये रेजिनाल्ड लिनस्टेड यांनी १९३४ मध्ये त्याची रचना उलगडली. मध्यभागी धातूचा एक अणू आणि त्याला चारी बाजूंनी धरून असलेलं एक मोठं कडं. या कुळाला थॅलोसायनिन म्हणतात. मध्यभागी तांबं ठेवलं की सर्वांत सुंदर निळा मिळतो. १९३५ मध्ये आयसीआय कंपनीनं तो ‘मोनास्ट्रल ब्लू’ नावानं बाजारात आणला.

जंगालातलं तांबं मोकळं सुटतं आणि कागद खातं. इथे ते कड्याच्या मिठीत इतकं घट्ट असतं, की आम्ल आणि ऊन त्याला सहजासहजी हलवू शकत नाहीत. हा रंग मुळात पाण्यात विरघळत नाही. पण त्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की विरघळतो आणि निळ्याचा थोडा हिरव्याकडे झुकतो. तयार होतो पिरोजी! सुताचं कापड रंगवायला तो वापरतात, आणि कागदही सुताच्याच जातीचा. जुनी अडचण अशी सुटली.

शाई बनवणाऱ्या कंपन्यांनी या छटेला आपापली नावं दिली. जर्मनीच्या पेलिकननं सरळ ‘टर्क्वाइज’ म्हटलं. अमेरिकेच्या शेफरनं ‘पीकॉक ब्लू’, म्हणजे आपला मोरपंखीच. वॉटरमननं ‘साउथ सी ब्लू’ म्हणून दक्षिण समुद्र आठवला आणि पुढे ते नावही बदललं. जपानच्या पायलट कंपनीच्या बाटलीवर ‘कुजाकू’ असतं, त्याचाही अर्थ मोर. पण बाटलीवरच्या नावानं आत काय आहे ते कळत नाही. पिरोजी शाई दुसऱ्या एका वाटेनंही बनते. सरबत-मिठाईत घालतात त्या चकचकीत निळ्या रंगाच्या कुळातली. ती दिसते फार सुरेख, पण कागदाला धरून राहत नाही.

याची किंमत मला ठाऊक आहे. माझा एक कविमित्र मला पिरोजी शाईत पत्रं लिहायचा. या रंगाचा नाद मला त्याच्यामुळे लागला. तो अकाली गेला, आणि त्याची पत्रं मी ट्रंकेत ठेवली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ल्यातल्या आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. पाकिटावरचा पत्ता तो बॉलपेननं लिहायचा, तो जसाच्या तसा होता. माझं नाव, खोली नंबर, पिन कोड, सगळं. आतली पानं उलगडली, तर एकही अक्षर नाही. पानभर फिकं निळं आभाळ. ती पानं मी वाळवली आणि अजून ठेवली आहेत.

म्हणून आज कुणी विचारलं तर मी कंपनीचं नाव सांगत नाही. कंपन्या नावं बदलतात आणि नाव तेच ठेवून आतला मालही बदलतात. तुम्हीच परीक्षा घ्या. चांगल्या कागदावर प्रत्येक शाईच्या दोन-दोन ओळी लिहा आणि दिवसभर वाळू द्या. एक कागद तासभर पाण्यात ठेवा, दुसरा महिनाभर खिडकीच्या उन्हात. पाण्यातून काढल्यावरही जिची ओळ वाचता येते आणि उन्हानंतरही जी पिरोजीच राहते, ती आपली. काही बाटल्या पाण्यात लगेच हरतील, त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. बाजारच्या यादीला त्या छान.

मी तशी निवडली आहे. चेक आणि अर्ज अजूनही ब्लू-ब्लॅकमध्येच लिहितो, कारण तिथे कचेरीचं ऐकावं लागतं. कविता आणि पत्रं पिरोजीत. पाकिटावरचा पत्ता मात्र मी बॉलपेननं लिहितो, तो लिहायचा तसा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)