एका बालकाच्या नांवाचें संग्रहालय

शनिवारवाड्यापासून निघणाऱ्या बाजीराव रस्त्यानें चालूं लागलें म्हणजे शुक्रवार पेठेंत नातूबागेचा भाग लागतो. तेथें राजस्थानी घाटाची दर्शनी बाजू असलेली एक इमारत उभी आहे. तिचें नांव ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’. हें नांव प्रथमच वाचणाऱ्या परगांवच्या मनुष्यास वाटतें कीं, दिनकर केळकर नांवाचा कोणी संस्थानिक होऊन गेला असावा व हा त्याचा खजिना असावा. परंतु तसें नाहीं. राजा हें एका लहान मुलाचें नांव होतें. तो बालपणींच देवाघरीं गेला. आणि त्याच्या पित्यानें आपल्या साऱ्या आयुष्याची कमाई त्याच्या नांवानें ठेविली.

हे पिते म्हणजे कै. दिनकर गंगाधर केळकर. पुण्यांतील लोक त्यांस काकासाहेब म्हणत. त्यांचा जन्म ता. १० जानेवारी १८९६ चा. घरचा धंदा चष्म्यांचा. परंतु मनाची ओढ काव्याकडे. ‘अज्ञातवासी’ या टोपणनांवानें त्यांनीं कविता लिहिल्या. सुमारें १९२० पासून त्यांना दुसरा एक छंद जडला. जुन्या, नित्याच्या वापरांतल्या वस्तु दिसतील तेथून ते गोळा करूं लागले.

त्या काळीं पुण्यांत इतिहाससंशोधनाची मोठी जागृति होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आदि मंडळींनीं १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें होतें, आणि जुन्या वाड्यांतील दप्तरें, बखरी व सनदा यांचा कसून शोध चालला होता. कागदाला याप्रमाणें वाली मिळाला. परंतु त्याच वाड्यांच्या माजघरांत जें होतें त्याला कोण विचारणार? रॉकेलचा कंदील आला, मागाहून वीज आली, आणि पितळी दिवे अडगळींत पडले. कारखान्याचीं स्वस्त भांडीं आलीं, तेव्हां जुनीं भांडीं मोडींत जाऊं लागलीं. मोडींत गेलेलें पितळ भट्टींत वितळतें. मग त्यावरची मोराची किंवा पोपटाची आकृति पुन्हां कधींही दिसत नाहीं. कागद फाटला तरी त्याची नक्कल कोठें तरी सांपडण्याची आशा असते. वितळलेल्या दिव्याची नक्कल नसते. काकासाहेबांनीं नेमकें हेंच ओळखलें, व जें दुसरा कोणी जपणार नव्हता तें जपण्याचें त्यांनीं मनावर घेतलें.

या कामीं त्यांची पत्नी कमलाबाई यांची त्यांस अखंड साथ होती. संग्रह राहत्या घरांत वाढत असला म्हणजे त्याचा पहिला भार गृहिणीवर पडतो, हें संसारी वाचकांस सांगावयास नको. राजा गेल्यावर हा छंद नुसता छंद राहिला नाहीं. तें त्या बाळाचें स्मारक झालें. १९६० पर्यंत सुमारें पंधरा हजार वस्तु जमल्या. १९६२ सालीं संग्रहालय रीतसर स्थापन झालें, आणि १९७५ सालीं काकासाहेबांनीं तें सर्व महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. जें पैपैनें जमविलें तें लोकांस देऊन टाकलें; आपल्यासाठीं मागें ठेविलें तें केवळ मुलाचें नांव. १९९० सालीं ते स्वतः निवर्तले.

आज संग्रहांत वीस हजारांहून अधिक वस्तु आहेत. पैकीं सुमारें अडीच हजारच एका वेळीं मांडलेल्या असतात. कारण जागा अपुरी आहे. तरी तेवढ्या पाहावयासही एक सबंध सकाळ पुरत नाहीं. दिव्यांचे नाना प्रकार, अडकित्ते, दौती, पानाचे डबे, पाय घासण्याच्या वज्री, स्वयंपाकाचीं भांडीं, वाद्यें, खेळ, कोरीव दरवाजे व खिडक्या यांनीं दालनें भरलीं आहेत. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून ते येथें पुन्हां जुळविले आहेत. ज्या मस्तानीविषयीं पुण्यानें बोलावयाचें तितकें बोलून घेतलें, तिच्या महालाला अखेर एका कवीनें आश्रय दिला!

पाहणारानें घाई करूं नये. एक अडकित्ता घ्यावा व त्यापुढें क्षणभर उभें राहावें. सुपारी कातरावयास दोन पातीं पुरेशीं आहेत. मग कारागिरानें त्यांस पक्ष्याचा किंवा घोड्याचा आकार कां दिला असेल? कोणी त्याचें नांव विचारणार नव्हतें, आणि त्यानें तें कोरलेंही नाहीं. हातांत रोज येणारी वस्तु सुंदर असावी, एवढाच त्याचा हेतु. बड्या संग्रहालयांत राजेरजवाड्यांचीं नांवें वाचावयास मिळतात. येथें बहुतेक सर्वच अज्ञातवासी. ज्या कवीनें तें नांव स्वतः धारण केलें, त्याच्याच हातून या अनाम हातांचा मान राखला जावा, हें यथायोग्यच झालें.

महोत्सवाच्या वर्षीं आपण सर्वच मागें वळून पाहतों. अशा वेळीं मुलांस बरोबर घेऊन एकदां हें संग्रहालय अवश्य पाहावें. निघण्यापूर्वीं वेळेची चौकशी मात्र करावी. आणि घरीं परतल्यावर आपल्याच माळ्यावर एक नजर टाकावी. आजीचें पुरण वाटण्याचें यंत्र, आजोबांची दौत, कोणा मावशीनें विणलेला रुमाल असें कांहीं ना कांहीं तेथें असेलच. तें मोडींत देण्याआधीं तें कोणाचें, कोठून आलें, कशाला वापरीत, एवढें एका चिठ्ठीवर लिहून त्यास बांधून ठेवावें. वस्तु टिकली आणि तिची हकीकत गेली, तर ती अर्धीच टिकली. काकासाहेबांपाशीं मोठें द्रव्य नव्हतें. एका बालकाचें नांव विसरूं द्यावयाचें नाहीं एवढा निश्चय होता. तेवढ्यावर पुण्यास एक संग्रहालय लाभलें.