वृद्धांचे पालन आणि शासनाचे उत्तरदायित्व

वृद्धांचे पालन हे पुत्राचे कर्तव्य, ही आपल्याकडील जुनी धारणा. परंतु पुत्र नसेल, असून नसल्यासारखा असेल, किंवा त्याच्याच हाताला काम नसेल, तर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने वेगळे दिले. कधी ते देवस्थानाने दिले, कधी सावकाराच्या धर्मादायाने, कधी राजाने. हे उत्तर देणे शासनावर बंधनकारक असावे, आणि न दिल्यास त्याला जाब विचारता यावा, ही कल्पना त्यामानाने अलीकडची आहे. सुरत, पलसाणा, कडोदरा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना या कल्पनेचा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. त्यातील काही पाने याच भूमीत लिहिली गेली आहेत.

मराठी राज्यात निराधारांची तरतूद होत असे. रणात पडलेल्या शिपायाच्या कुटुंबास बालपरवेशी मिळे, विद्वानांना वर्षासन मिळे, देवस्थानांच्या इनामांतून अन्नछत्रे चालत. ही व्यवस्था मायेची होती, यात शंका नाही. परंतु तिचा आधार देणाऱ्याची मर्जी हा होता. वारसाला सनद नव्याने मान्य करून घ्यावी लागे. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांनी इनाम कमिशन बसवले, तेव्हा जुनी सनद दाखवता आली नाही म्हणून कित्येकांचे उत्पन्न गेले. कृपेने मिळालेले कृपा आटताच जाते, हा त्यातला धडा.

पुढे एकोणिसाव्या शतकात खासगी दानशूरता पुढे आली. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले अनाथ-पंगूंचे गृह आज ‘निवारा’ या नावाने ओळखले जाते. सुरतेतील ‘अशक्ताश्रम’ या रुग्णालयाचे नावच तेथील मूळ प्रेरणा सांगते. अशा संस्थांचे ऋण मोठे आहे. तथापि दात्याला जाब विचारता येत नाही; त्याचे आभारच मानावे लागतात. उत्तरदायित्वाचा प्रश्न दानाच्या कक्षेत उद्भवतच नाही.

तो प्रथम उद्भवला दुष्काळात. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळसंहिता तयार झाल्या. धडधाकट माणसाला काम द्यावे आणि ज्याला काम करणे शक्य नाही त्याला कामावाचून मदत द्यावी, असे त्यांचे सूत्र होते. या दुसऱ्या वर्गात वृद्ध व अपंग येत, आणि त्यांची यादी गावकामगारांकडून करविली जाई. परकीय सरकारची ही व्यवस्था कंजूष होती, आणि १८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळात तिच्या मर्यादाही दिसल्या. पण एक गोष्ट नवी होती. गावातील निराधार म्हातारी कोण, हे सरकारी कागदावर नोंदले जाऊ लागले, आणि ती उपाशी मेली तर कोणत्या अधिकाऱ्याकडे विचारणा करायची हेही ठरले. यादी, अधिकारी आणि विचारणा ही तीन अंगे जेथे एकत्र येतात, तेथे उत्तरदायित्व सुरू होते.

यापुढचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. पलसाणा महाल हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. हा विषय शिक्षणाचा असला तरी त्यातील तत्त्व येथे उपयोगी आहे. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड करावयाचा, तर आधी त्याच्या आवाक्यात शाळा हवी. म्हणजे पालकावर घातलेली सक्ती उलटून प्रथम राज्यावरच पडते. कुटुंबाला कर्तव्य सांगणाऱ्या सत्तेने स्वतःचे कर्तव्य आधी पार पाडले पाहिजे, हा त्या कायद्याचा गाभा.

वार्धक्याच्या बाबतीत जगात ही जाणीव याच सुमारास रुजत होती. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्ये वृद्धापकाळाचा विमा आणला. इंग्लंडने १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना निवृत्तिवेतन दिले. स्वतंत्र भारताच्या संविधानात, कलम ४१ मध्ये, बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळावे असे मार्गदर्शक तत्त्व आले. मात्र त्याला आर्थिक कुवतीची मर्यादा जोडली गेली, आणि कलम ३७ प्रमाणे अशी तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. शिवाय रुग्णालये राज्यसूचीत आणि वृद्धापवेतन समवर्ती सूचीत पडल्याने एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोयही झाली.

संघटित कामगारांसाठी मात्र कायदे लवकर झाले. राज्य विमा योजनेचा कायदा १९४८ चा, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा, आणि निधीला जोडलेली निवृत्तिवेतन योजना १९९५ ची. यांचा लाभ हजेरीपटावर नाव असलेल्याला मिळतो. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांच्या सेवेची नोंद लागते. येथेच आपल्या वस्त्यांची अडचण सुरू होते. १९०० च्या सुमारास सुरत ते अंमळनेर हा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग पुरा झाला आणि खानदेश सुरतेला जोडला गेला. पुढे जळगाव, धुळे, नंदुरबारकडील हजारो माणसे यंत्रमागांवर आणि डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांत कामाला आली. उधना, लिंबायत, पांडेसरा आणि कडोदरा येथे स्थिरावली. त्यांपैकी पुष्कळांची उमर मुकादमाच्या हाताखाली, नोंदीवाचून गेली. दक्षिण गुजरातेतील अशा श्रमिकांचा अभ्यास यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६२ पासून अनेक दशके केला. माणूस कामावर असतो, पण कागदावर नसतो, ही त्यातून वारंवार दिसणारी वस्तुस्थिती. ज्याचे कष्ट कागदावर नाहीत, त्याचे म्हातारपण कोणाच्या खाती मांडायचे?

अशांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये, वयाची अट ६५. २००६ मध्ये हा वाटा २०० रुपये झाला. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले व ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी झाली. २०११ मध्ये वयाची अट ६० वर आली आणि ऐंशीपुढील वृद्धांसाठी वाटा ५०० रुपये ठरला. साठ ते एकोणऐंशी या वयोगटाचा केंद्राचा वाटा त्यानंतरही २०० रुपयांवरच राहिला. राज्ये त्यात आपली भर घालतात, म्हणून एकच माणूस सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळ्या किमतीचा ठरतो.

या योजनेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दिवस मला २८ नोव्हेंबर २००१ हा वाटतो. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी या योजनेला कायदेशीर हक्काचे रूप दिले आणि वेतन दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावे असे बजावले. रक्कम वाढली नाही. परंतु तारीख ठरली. आठ तारखेला विचारणा करण्याचा अधिकार म्हातारीला त्या दिवशी मिळाला.

२००७ मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला. त्याची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. मुलांनी निर्वाह केलाच पाहिजे; न्यायाधिकरणाने सामान्यतः नव्वद दिवसांत निकाल द्यावा; वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अर्ज वृद्ध जेथे राहतो तेथे किंवा मुलगा राहतो तेथेही करता येतो, ही दोन प्रांतांत विभागलेल्या आपल्या कुटुंबांसाठी मोलाची सोय आहे. परंतु शासनाच्या वाट्याचे कलम येताच क्रियापद मवाळ होते. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी एक वृद्धाश्रम राज्य सरकार ‘स्थापू शकेल’. सरकारी रुग्णालयांत वृद्धांसाठी खाटा ‘शक्य तेथवर’ असतील. मुलाला ‘केलेच पाहिजे’, सरकारला ‘करू शकेल’. सयाजीरावांच्या कायद्यातील क्रम येथे उलटा झाला आहे.

याचा परिणाम २०१८ मध्ये दिसला. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर १३ डिसेंबर रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वृद्धांचा सन्मान, निवारा व आरोग्य हे जगण्याच्या मूलभूत हक्काचेच भाग मानले. पण त्याच निकालात जिल्हावार वृद्धाश्रम किती आणि वृद्धांसाठी वैद्यकीय सोयी कोणत्या, ही माहिती राज्यांकडून गोळा करावी, असा आदेश केंद्राला द्यावा लागला. कायद्यानंतर अकरा वर्षांनी प्रश्न मोजणीचाच होता. कायदा सुधारण्यासाठी २०१९ मध्ये मांडलेले विधेयक संमत न होता सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये बाद झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. हे पाऊल मोठे आहे. तरीही ते रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. घरात अंथरुणाला खिळलेल्याची सुश्रूषा अजून सुनेच्या किंवा शेजारणीच्याच गळ्यात आहे.

या साऱ्या प्रवासात दयेचे धोरण झाले, धोरणाचा कायदा झाला. पण कायद्याला धार आली ती जेथे तारीख, यादी आणि अधिकारी ठरला तेथेच. दुष्काळसंहितेची यादी, २००१ ची सात तारीख आणि २००७ चे नव्वद दिवस एवढेच दुवे सामान्य माणसाच्या हाती लागले. ते हाती धरायचे, तर आपल्याकडेही कागद हवा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. आपल्या मंडळांच्या दप्तरी वर्गणीची वही असते, गणेशोत्सवाची असते. वस्तीतील साठीपुढील माणसांची एक वही असावी: कोणी कधी अर्ज केला, कोणत्या कचेरीत केला, काय उत्तर आले, किती दिवसांनी आले. गावकामगाराने दुष्काळात केलेली यादी सरकारसाठी होती. ही यादी सरकारपुढे ठेवण्यासाठी असेल. शासनाच्या ‘करू शकेल’चे ‘केले’ झाले की नाही, हे त्या वहीवरूनच कळेल.