पूर्णा आणि पूर्णत्वाचा दाखला

भिवंडी तालुक्यात पूर्णा नावाचं गाव आहे. नाव ऐकून मला आधी पुरणपोळी आठवली. पण तिथं पुरण नाही, गोदामं आहेत. काही वर्षांपूर्वी साहेबांबरोबर बँकेकडे तारण असलेला माल मोजायला मी तिथं गेलो होतो. खोकी मोजता मोजता मी गोदामाच्या मालकांना सहज विचारलं (कॉमर्सवाल्याला कागद मागायची खोड असतेच), "काका, या बांधकामाचा पूर्णत्वाचा दाखला?"

काका म्हणाले, "अहो, गावच पूर्णा. आणखी काय पूर्ण करायचं?"

या उत्तराला इतिहास आहे आणि तो सुरू होतो जकातीपासून. माल मुंबईत शिरला की महापालिका जकात घेई. मग गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो वेशीबाहेर ठेवलेला काय वाईट? ठाणे-भिवंडी रस्त्याच्या कडेला भाताच्या खाचरांतून पत्र्याची छपरं उगवली. भात वर्षातून एकदा पिकतो, भाडं महिन्याच्या महिन्याला! हा हिशेब कळायला बी. कॉम. व्हावं लागत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामं मात्र जागची हलली नाहीत.

बरं, कायदे नव्हते असंही नाही. घर बांधायला पंचायतीची परवानगी हवी, हे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात होतंच. १९६६ साली तर महाराष्ट्राला जुळंच झालं! एक जमीन महसूल संहिता: शेतात शेतीखेरीज काही करायचं तर बिनशेती परवानगी घ्या. दुसरा प्रादेशिक व नगररचना अधिनियम: बांधण्याआधी विचारा, नाहीतर कलम ५३ ची नोटीस घ्या. आपल्या लोकांनी पंचायतीचा शिक्का मिळवला आणि तेवढ्यावर भिंती उभ्या केल्या. पुढं २००७ साली सरकारनं भिवंडीभोवतालच्या ६० गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे सोपवलं. म्हणजे वरात दारात आली आणि मग पत्रिका जुळवायला घेतली! पाडणारी यंत्रं आली की गावं विरोधाला उभी राहतात. मागणी एकच: पाडू नका, नियमित करा.

"जमीन बापजाद्यांची," काका म्हणाले. "रस्ता, गटार द्यायला कुणी आलं नाही. नकाशा घेऊन मात्र आले. आणि मी एकट्यानं थोडंच बांधलंय? सगळ्यांनीच बांधलंय."

मला काका पटले. खरं सांगतो, चहा घेऊन मी त्यांच्याच बाजूनं परतलो.

पुढं २९ एप्रिल २०२३ ला पूर्णाजवळच्याच वळ गावात एक इमारत कोसळली. खाली गोदाम, वर बिऱ्हाडं. आठ माणसं गेली. पेपर हातात धरून मी नुसताच बसून राहिलो. आमच्या लेजरात भाड्याला रकाना असतो, व्याजाला असतो. छपराखाली कोण झोपतं याला नसतो. नियमाच्या पुस्तकात तो रकाना असतो, पण ते पुस्तक आपल्याला नेहमी नोटिशीच्या रूपानंच भेटतं. त्यामुळे त्याच्याशी भांडणच होतं, ओळख होत नाही.

एवढं थोर चिंतन करून मान वर केली, तर समोर आमची गॅलरी. विटा आणि काचा लावून बंद केलेली. परवानगी? कसली परवानगी! तेव्हा मी विचारलं होतं, तर आमची ही म्हणाली होती, "सगळ्यांनीच केलीय." थेट पूर्णाच्या काकांचं वाक्य! त्या गॅलरीत लोखंडी पेटी, तांदळाचा पिंप, पाटा-वरवंटा आणि माझी जुनी कॉमर्सची पुस्तकं.

त्या रात्री मी पेटी आत ओढायला लागलो. ही जागी झाली. "अहो, हे काय मध्यरात्री?"

"खालच्या मजल्यावरच्यांचा नातू त्यांच्या गॅलरीत झोपतो," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. उठून पाटा-वरवंट्याला हात लावला. पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी गॅलरी रिकामी केली.

विटा आणि काचा मात्र अजून आहेत. नियमित होतील, अशी आशा आहे.